नानांचा सहा वाजताचा लाइव्ह

आमच्या निगडीच्या घरात दोन खोल्या आणि एक गॅलरी होती, आणि त्यांतली बाहेरची खोली संध्याकाळी सहा ते सात आमची नसायची, नानांच्या ऑनलाइन क्लासची असायची. साडेपाच वाजले की आई कुकर उतरवून ठेवायची, कारण पुढच्या तासाभरात एकही शिट्टी चालत नसे. पंखा बंद व्हायचा. फ्रिजचा प्लग मी काढायची, आणि क्लास संपल्यावर तो लावायला विसरले की दुसऱ्या दिवशी नासलेल्या दुधावरून बोलणी खायची. खिडक्या लावून त्यांवर आईच्या दोन जाड गोधड्या टांगायच्या, म्हणजे खोलीतला आवाज घुमत नाही. एवढं करूनही बाहेरचं जग आत यायचंच. भंगारवाल्याच्या टेम्पोवरची रेकॉर्ड केलेली आरोळी, पाण्याच्या टाकीची मोटर, डेपोकडे वळणाऱ्या बसचे ब्रेक. पुढे मी पोटापाण्यासाठी आवाजाचंच काम केलं, स्टुडिओच्या चांगल्या काचेमागे बसून केलं. पण कुठला आवाज कुठून येतो आणि तो कसा अडवायचा, हे मी शिकले ते त्या बंद, उकडणाऱ्या खोलीत, घाम पुसत.

नाना म्हणजे माझे वडील. आम्ही मूळचे औशाकडचे, लातूर जिल्ह्यातले. नाना तरुणपणी इकडे आले आणि चाकणला निघोज्याच्या बाजूच्या एका कंपनीत लागले. तिथे पत्र्यावर डाय, म्हणजे पोलादी साचा, आपटून गाड्यांचे पार्ट काढणाऱ्या मोठ्या प्रेस होत्या, आणि नाना त्या प्रेसवर डाय बसवणारे सेटर होते. एका दुपारी त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं त्या मशीनमध्ये गेली. आम्हाला सांगण्यात आलं की हात आत गेल्यावर मशीन थांबवणारा सेन्सर त्या दिवशी बंद पडला होता. पुढे कंपनीने त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, पण नटबोल्टच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात त्यांचं मन लागलं नाही आणि त्यांनी काम सोडलं. कंपनीने माणुसकी म्हणून माझ्या भावाला, विकासला, ट्रेनी म्हणून घेतलं. पहाटे कंपनीची बस कोपऱ्यावर यायची. पूर्वी त्या बसला नाना जायचे, आता विकासदादा जाऊ लागला. आई त्याच वेळी उठून तोच डबा भरायची, ज्वारीच्या दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि उडदाचं घुटं. फक्त डबा घेणारा हात बदलला.

क्लास सुरू झाला तो योगायोगाने. दादाबरोबरच्या एका ट्रेनीला व्हर्नियरवर, त्या बारीक रेघांच्या स्टीलच्या पट्टीवर, माप वाचता येत नव्हतं. नानांनी त्याला फोनवरून समजावलं, मग मी म्हटलं की व्हिडिओच काढू, दाखवून टाकू. तो दीड मिनिटांचा व्हिडिओ मी इंटरनेटवर टाकला आणि विसरून गेले. आठवड्याने पाहिलं तर खाली प्रश्नांची रांग लागली होती. कुणी भोसरीचा, कुणी रांजणगावचा, बरेचसे आयटीआयची पोरं-पोरी. "सर, मायक्रोमीटरचं पण सांगा." "सर, लाइव्ह घ्या ना." नानांनी ते सगळे प्रश्न माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. मग म्हणाले, "सर म्हणायलेत की गं मला."

सामान जमवताना नानांमधला जुना सेटर जागा झाला. कॅमेरा म्हणजे दादाचा जुना फोन. तो टेबलावर वरून खाली बघेल असा टांगायचा होता. बाजारातला स्टँड नानांनी हातात घेऊन हलवून पाहिला, "ह्यो डुलतोय" म्हणाले आणि परत ठेवला. त्यांनी भंगारातून चौकोनी पाइपचे तुकडे आणले, गॅलरीत बसून कानशीने घासले, आणि असा सांगाडा उभा केला की त्यावर मी बसले असते तरी तो हलला नसता. फोन लेव्हलमध्ये आहे की नाही ते पाहायला ते गवंड्याचं लेव्हल लावायचे. समोरून त्यांचा चेहरा दाखवायला लॅपटॉपवर वेगळा कॅमेरा लावला, आणि कॉलरला छोटा माइक. लाइटचा मात्र फार त्रास झाला. गोल रिंगलाइट लावला की व्हर्नियरच्या स्टीलवर तो लख्ख उमटायचा आणि रेघा दिसायच्याच नाहीत. चार दिवस आम्ही त्यावर घालवले. शेवटी नानांनी लाइटवर बटरपेपर ताणून लावला आणि व्हर्नियरच्या पट्टीवर खडूची पूड चोळून पुसून घेतली. रेघांत पांढरं राहिलं आणि मोबाइलवर माप असं दिसू लागलं की आई स्वयंपाकघरातून बघून म्हणाली, "आता मला बी वाचता येईल."

सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं. ते फुकट मिळणारं होतं, आणि मी ते चुकतमाकत शिकले. त्यात वेगवेगळी दृश्यं तयार करून ठेवता येतात. एका दृश्यात नाना, दुसऱ्यात टेबल, तिसऱ्यात कोपऱ्यात नाना आणि मोठं टेबल. चौथं होतं 'थोड्याच वेळात परत येतो' असं लिहिलेलं निळं चित्र, वीज गेली किंवा नानांना खोकला आला तर लावायला. आवाजाची पट्टी खाली हिरवी नाचत असायची आणि तिच्याशेजारी स्पीकरचं एक छोटं चित्र. त्यावर एकदा दाबलं की ते लाल व्हायचं आणि आवाज बंद. मी लॅपटॉप स्टुलावर ठेवून नानांच्या समोर, कॅमेऱ्याच्या पलीकडे बसायची. पडद्यावरचं त्यांना काही दिसायचं नाही. पोरांचे प्रश्न मी पाटीवर खडूने लिहून उंच धरायची, नाना ते वाचून उत्तर द्यायचे. त्या सबंध वर्षात माझा आवाज एकदाही बाहेर गेला नव्हता. पोरांना वाटायचं सर एकटेच सगळं करतात.

आणखी एक गोष्ट माझीच. टेबलाच्या दृश्याची चौकट मी अशी लावली होती की नानांचा डावा हात तिच्याबाहेर राहावा. जॉब, म्हणजे मोजायचा तुकडा, हातात धरण्याऐवजी त्यांनी तो छोट्या व्हाइसच्या जबड्यात पकडावा, असं मीच सुचवलं. "दिसायला बरं नाही वाटत, नाना," असं मी बोलूनही गेले होते.  दुसऱ्या दिवशी टेबलाला व्हाइस बसवलेला होता. आज हे लिहिताना मला त्या मुलीचा राग येत नाही. ती अठरा वर्षांची होती, आणि पडद्यावर सगळं नीट दिसावं एवढंच तिला कळत होतं.

तो दिवस साधाच होता. दादा फर्स्ट शिफ्ट करून येऊन मित्राकडे गेला होता. पुढच्या महिन्यात त्याला परमनंट करणार, अशी कुणकुण होती, त्यामुळे घरात सगळे जरा बरे होते. आईने दुपारी सुशीला केला होता, भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, वर भरपूर दाण्याचं कूट, आणि नानांनी तो दोनदा मागून घेतला होता. क्लासचा विषय होता डाय बसवण्याआधीची तपासणी. तीनशेच्या आसपास लोक बघत होते. पंचवीस मिनिटं झाल्यावर एका मुलाचा प्रश्न आला, तो मला कामाचा वाटला आणि मी तो पाटीवर उतरवला. 'सर, सेन्सर सारखा ट्रिप होतो. सीनियर म्हणतात बायपास कर. केला तर चालतं का?'

नानांनी पाटी वाचली. मग चष्मा काढून पुसला, परत लावून पुन्हा वाचली. क्लासमध्ये ते पुस्तकी बोलायचा प्रयत्न करायचे, पण आता ते जे बोलले ते घरचं बोलले. "ह्याचं उत्तर मी तोंडानं देत न्हाई. दाखवतो." त्यांनी डावा हात टेबलावर, बरोबर फोनच्या खाली ठेवला. माझ्या पडद्यावर तो हात आला, लाइटमध्ये स्वच्छ.

"मी सेटर होतो," नाना कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले. "आमच्या प्रेसला सेन्सर होता. पत्रा जरा वाकडा आला की उगं ट्रिप व्हायचा. मशीन थांबायची, पार्टांचा काउंट मागं पडायचा. मला कुणी सांगितलं नव्हतं. सुपरवायझरनं न्हाई, साहेबानं न्हाई. मीच पॅनल उघडलं आन् —"

माझा हात गेला. विचार करून गेला असं मी म्हणणार नाही, पण चुकून गेला असंही नाही. मी स्पीकरच्या चित्रावर दाबलं, ते लाल झालं. मग निळं चित्र लावलं. डोक्यात एकच गोष्ट होती, की दादाच्या कंपनीतलं कुणीतरी हे बघत असणार. नाना बोलतच होते. त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. ते समोरच्या भिंगात बघून तीनशे पोरांना सांगत होते, आणि ऐकत होते मी, आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिलेली आई. तिने माझ्या पडद्यावरचं निळं चित्र पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. हाताने खूण केली, राहू दे तसंच.

"सेन्सरला वगळून मीच वायर मारली. आठ दिवस काउंट चांगला निघाला. नवव्या दिवशी पार्ट अडकला, मी हात घातला. मग दवाखान्यात साहेब आले. म्हणाले, सेन्सर बंद पडला होता का? मी हो म्हणलो. आन् ती वायर कुणाची? मी म्हणलो, मेंटेनन्सची असंल. मेंटेनन्सला खराडे होता, इलेक्ट्रिशियन, माझ्याच वयाचा. त्याच्या पोरीच्या बारशाला मी जेवून आलोय. त्याला काढलं. त्यानं लई सांगितलं की वायर माझी न्हाई. कुणी ऐकलं न्हाई, कारण माझा हात कापलेला होता आन् त्याचा न्हाई."

पडद्यावर पोरांचे मेसेज येत होते. आमचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचायला वीसेक सेकंद लागायची, म्हणून आधी आले 'बोटांना काय झालं सर', आणि त्यामागून 'आवाज गेला', 'स्क्रीन गेली', 'नेट गेलं वाटतं सरांचं'. नऊ मिनिटं नाना बोलले. मग थांबले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तर बायपास करायचा न्हाई. कुणीबी सांगू दे." ते हे म्हणत असतानाच मी आवाज सुरू केला, चित्र बदललं. त्या शेवटच्या वाक्यातलं 'कुणीबी सांगू दे' तेवढं बाहेर गेलं.

माइक काढता काढता त्यांनी विचारलं, "गेलं का समदं नीट?"

"हो नाना," मी म्हटलं. "सगळं गेलं."

त्यांनी मान हलवली. त्या संध्याकाळी ते खाली जाऊन बराच वेळ फिरून आले, जेवताना गावाकडच्या विहिरीच्या गोष्टी सांगितल्या, आईच्या आमटीला नाव ठेवलं आणि वर पुन्हा वाढूनही घेतली. अपघातानंतर मी त्यांना इतकं मोकळं पाहिलं नव्हतं. आई खाली मान घालून भाकरी मोडत होती. 

सकाळी नाना माझ्याजवळ आले, हातात एका चिठ्ठीवर फोन नंबर. "खराडेचा हाय. तळेगावला असतो आता. कालच्या व्हिडिओची लिंक त्याला पाठव. त्याला म्हणावं, आधी तू बघ, मग पायजे तर मी कंपनीत बी येऊन सांगतो." मी म्हटलं, व्हिडिओ अजून चढतोय, वेळ लागेल. दुपारी त्यांनी परत विचारलं. मी म्हटलं, नेट स्लो आहे. एक खोटं सांभाळायला दिवसभर किती बारीकसारीक कामं करावी लागतात, ते मला त्या दिवशी कळलं.

चारच्या सुमारास दादा आला. मी त्याला गॅलरीत ओढलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं तो सुटकेचा श्वास टाकेल. तो बूट काढत बसला होता, तसाच थांबला.

"तुला काय वाटतं, कंपनीत माहीत नाही?" तो म्हणाला. "मी जॉइन झालो त्याच आठवड्यात कँटीनमध्ये एकानं मला ऐकवलं. तुझ्या बापानं वायर मारली आणि खराडे घरी गेला. सगळ्या शॉपला माहीत आहे, अश्विनी. फक्त ऑफिसच्या कागदावर नाही."

"मग तू बोलला का नाहीस?"

"काय बोलू? ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेलो." त्याने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. "नानांना सांग, तू आवाज बंद केला होतास. नाहीतर मी सांगतो."

मी सांगितलं. नाना खोलीत टेबलावरची धूळ पुसत होते, सहाच्या क्लासची तयारी. मी दारात उभी राहून एका दमात सांगून टाकलं, निळं चित्र, लाल खूण, नऊ मिनिटं. त्यांनी फडकं खाली ठेवलं. ते ओरडतील असं मला वाटलं होतं, निदान हात उचलतील. ते खुर्चीवर बसले आणि खरोखर न कळल्यासारखे म्हणाले, "मग मी कुणाशी बोललो?"

"माझ्याशी," मी म्हटलं. "आईशी. आम्ही ऐकलं सगळं."

त्यांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ऐकलात तुमी. आन् दोघीतली एक बी काय बोलली न्हाई."

  आवाज बंद केल्याची चूक मी नंतर अनेकांना सांगितली, ती सांगायला सोपी होती, तिला बटण होतं. माझ्या समोर बसून एका माणसाने आपल्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट सांगितली आणि मी त्याला म्हटलं, सगळं गेलं. ही गोष्ट मी पहिल्यांदा लिहिते आहे.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते. विकासदादाचं परमनंटचं पत्र त्या महिन्यात आलं नाही, पुढच्याही नाही, आणि मग त्याची ट्रेनिंगची मुदत संपली. कारण कुणी सांगितलं नाही. त्या वर्षी आणखी सात जणांची संपली होती, त्यामुळे ते नानांमुळे झालं की नाही, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. नाना त्याला "माझ्यापायी झालं" म्हणाले, तेव्हा दादा म्हणाला, "मी पण दीड वर्ष गप्प बसून जेवतच होतो ना." त्याला भोसरीत दुसरीकडे काम लागलं. नानांनी कंपनीत जाऊन लेखी दिलं, त्या कागदाचं काय झालं ते कळलं नाही. एका रविवारी ते तळेगावला खराडेंकडे गेले, एकटेच, लोकलने. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी घरी सांगितलं नाही. येताना पिशवीत पेरू होते. ते खराडेंनी दिले की स्टेशनबाहेर घेतले, हे विचारायची हिंमत आमच्यापैकी कुणाला झाली नाही. क्लास पुढे बरीच वर्षं चालला.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी सहाला नाना म्हणाले, "लाव." आईने कुकर उतरवला आणि पहिल्यांदाच बाहेर येऊन पलंगावर बसली. दादा दाराला टेकून उभा राहिला. मी लाइव्ह सुरू केलं, आवाजाची पट्टी हिरवी झाल्याचं बघितलं, आणि हात मांडीवर ठेवले.

नानांनी दुसऱ्यांदा सांगितलं ते आदल्या दिवशीसारखं झालं नाही. शब्द अडखळत होते, मधेच पुस्तकी व्हायचे, मधेच गावाकडचे. सेन्सर, काउंट, पॅनल, वायर इथपर्यंत ते आले. पार्ट अडकला, हात घातला, तेही सांगितलं. मग म्हणाले, "दवाखान्यात साहेब आले," आणि थांबले. माइकमधून फक्त त्यांचा श्वास जात होता. भिंगाकडे बघता बघता त्यांची नजर टेबलावर गेली. मी वाट पाहिली. पट्टीवरचा हिरवा रंग जवळजवळ खाली बसला. खडू आणि पाटी माझ्या पायाशी होती. दादा दारातून जरा पुढे सरकला.

"साहेब काय म्हणाले, नाना?" मी विचारलं.

माझा आवाज मला माझ्याच हेडफोनमध्ये ऐकू आला. तो बाहेर चारशे लोकांकडे गेला होता. नानांनी मान वर केली. ते भिंगाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"म्हणाले, सेन्सर बंद पडला होता का?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"खोटं सांगितलं," नाना म्हणाले, आणि पुढचं सगळं त्यांनी माझ्याकडे बघूनच सांगितलं.